मानाच्या जोडीचा गिअरबॉक्स

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी माझ्या नवऱ्याशी बोलतं. हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून काउंटरवर पेपर वाचत बसतात. मी मागच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून, एखाद्या ट्रकचं पोट उघडून बसलेली असते. गिऱ्हाईक येतं, रिमोटचा ट्रक यांच्यापुढे ठेवतं आणि सांगायला लागतं, "साहेब, मोटर फिरते पण चाक फिरत नाई. कडकड वाजून राहिलं." हे सगळं मन लावून ऐकतात. मधे "अस्सं, अस्सं" म्हणतात. "कधीपासून?" असा एखादा प्रश्नही टाकतात. सांगणाऱ्याचं सांगून संपलं की मान मागे वळवून मला म्हणतात, "ऐकलंस ना?" तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येतं की डॉक्टर मागे बसली आहे आणि इतका वेळ आपण कंपाउंडरला नाडी दाखवत होतो.

मी मूळची अमरावतीची. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच हात बसला. लग्न होऊन अकोल्यात आले, जठारपेठेत दुकान टाकलं, आणि लोक मोबाइलमध्ये वेळ बघायला लागले. मग मिक्सर केले, पंखे केले, चावीची खेळणी केली. आता बरीच वर्षं रिमोटवर चालणारे ट्रक दुरुस्त करते. या ट्रकांना खेळणं म्हटलेलं मालकांना खपत नाही. चांगले हातभर लांब, चारही चाकांत ओढ असलेले, दगडधोंड्यांवर चढणारे ट्रक असतात हे. मालक बहुतेक मिशीवाले. पोराच्या वाढदिवसाच्या नावानं घेतात आणि पोराला हात लावू देत नाहीत.

ज्यांनी असा ट्रक उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोटरच्या दांडीवर एक छोटं दातेरी चाक असतं, बोराएवढं. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, आणि तिथून फिरणं दांड्यांमधून, आतल्या गिअरांमधून टायरपर्यंत जातं. मोटर पळते फार, पण तिच्यात जोर नसतो. गिअर तिचं पळणं कमी करतात आणि जोर वाढवतात. या सगळ्यात ताण येतो तो दातांवर. दात प्लास्टिकचे असले तर झिजतात, तुटतात. लोखंडाचे असले तर तुटत नाहीत. इथपर्यंत प्रत्येकाला कळतं, आणि याच्यापुढचं कोणालाच ऐकायचं नसतं.

पुढचं असं, की दात तुटला नाही म्हणून ताण काही घरी निघून जात नाही. तो पुढची कच्ची जागा शोधतो. तुमच्या घरच्या मिक्सरच्या भांड्याखालचं कपलर तुटतं तेव्हा तुम्ही कंपनीला शिव्या घालता. कपलर तुटलं नसतं तर मोटर जळली असती, हे मी सांगितलं की बायका माझ्याकडे संशयानं बघतात, मी कंपनीचीच माणूस असल्यासारखं. ट्रकचंही तेच आहे. दगडात चाक अडकलं, मोटर पूर्ण जोरात, तर काहीतरी जाणारच. ते स्वस्तातलं, हाताशी असलेलं, चार स्क्रू काढून बदलता येणारं असावं, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून मी प्लास्टिकच्या बाजूची. नीट सांगायचं तर चांगल्या नायलॉनच्या बाजूची.

पण "मेटल गिअर" हे दोन शब्द कानावर पडले की वऱ्हाडी पुरुषाची छाती आपोआप पुढे येते. आमच्या अकोल्यातले एक कापडाचे व्यापारी आले होते. "बाई, सगळं मेटल करून टाका. पुन्हा दुकानात याची पाळी नाई आली पायजे." मी समजावलं. ते यांना म्हणाले, "साहेब, तुमी सांगा यायले." हे म्हणाले, "अस्सं, अस्सं." मी गिअर लोखंडाचे केले. महिन्याभरात चाकाची दांडी पिळवटली. दांडी पोलादी केली, तर गिअर ज्या प्लास्टिकच्या पेटीत बसतात ती तडकली. पेटी ॲल्युमिनियमची केली, तर मोटर जळली. मोटर मोठी घातली, तिला बॅटरी पुरेना. बॅटरी मोठी घातली. शेवटी तो ट्रक एवढा जड झाला की दुकानाचा उंबरठाही चढेना. आता त्यांच्या गोदामाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो दाराला लावून ठेवलेला असतो. पण अजून एकही दात तुटलेला नाही, हे ते आल्यागेल्याला आवर्जून सांगतात.

प्लास्टिकची बाजू घेते म्हणून ते सद्गुणांचा पुतळा आहे असं नाही. अमरावतीच्या एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं पंगतीत ट्रकवरून बडीशेप फिरवायची टूम काढली होती. लोकांना फार आवडलं. एका लग्नात वाढपी कमी पडले, आणि कोणा उत्साही पाहुण्यानं त्या ट्रकवर वरणाची भरलेली बादली ठेवून दिली. ट्रक निघाला मात्र, कर्रर्र आवाज झाला आणि वरपक्षाच्या ताटांसमोर बादलीसकट उभा राहिला. मॅनेजर दुसऱ्या दिवशी आला तेव्हा गिअरमध्ये दातांच्या जागी नुसता भुगा होता आणि भुग्याला हिंगाचा वास होता. आणि आपल्याकडचं ऊन तर विचारूच नका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ट्रक ठेवला की प्लास्टिकची पेटी वाकते, दोन गिअरांमधलं अंतर वाढतं, आणि दात टोकाटोकांनी धरायला लागतात. ते अंतर मी कागदानं मोजते. दोन गिअरांच्या मधून कागदाची पट्टी फिरवायची. न फाटता नागमोडी होऊन बाहेर आली की झालं. एवढ्या साध्या गोष्टीवर माझा संसार चालला, याची मला कधीकधी गंमत वाटते.

तर लोखंड टिकतं की प्लास्टिक, या वादाचा निकाल माझ्यापुरता लागला तो देवरावकाकांच्या जोडीमुळे. काका चांदूर बाजारच्या पुढच्या एका गावचे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं एका पोळ्याच्या दिवसावरून अजून तंटा चालू आहे.

पहिल्यांदा आले तेव्हा खांद्यावर मोठी पिशवी होती, डोक्यावर टोपी. रिवाजाप्रमाणे यांच्यापुढे उभे राहिले.

"साहेब, माया चांद्याचा मागचा पाय गेला."

"अस्सं. कधीपासून?"

"काल ठिबकची नळी वढता वढता. जोर त लावून राह्यला, पण पाय उचलत नाई."

यांनी पेपर खाली ठेवला. "काका, गुरांचा दवाखाना इथं नाही हो."

"मले मालूम हाये," असं म्हणत काकांनी पिशवीतून ट्रक काढून काउंटरवर ठेवला. त्याच्या टपावर पांढऱ्या रंगानं चंद्रकोर काढलेली होती. मग दुसरा काढला, काळसर. "आन् हा मोऱ्या. याले काई झालं नाई, पण एकटा घरी राह्यत नाई म्हनून संगं आनला."

त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीत. हे ट्रक त्याचा शौक होता. लग्न झालं आणि सुनेनं शौक गावी पाठवून दिला. काकांनी गुडघ्यांपायी बैल विकले होते, जमीन भाड्याच्या ट्रॅक्टरनं व्हायची, आणि संत्र्याच्या बागेत माकडांचा उच्छाद होता. काकांनी एका ट्रकला वाघाचा मुखवटा बांधला, घुंगरू लावलं आणि बांधावर बसून बागेत सोडला. माकडं पळाली. मग त्यांच्या डोक्यात आलं की हा पळतो तर ओढेलही. झाडांच्या ओळींतून ठिबकच्या नळ्या ओढून न्यायला वाकावं लागतं, ते गुडघ्यांना जमेना. दोन्ही ट्रक नळी ओढायला लागले. अमरावतीत कोणी तरी "हे फेकून द्या" म्हणून सांगितलं, तेव्हा रागानं एस्टी बदलत बदलत अकोल्याला आले.

मी दोन्ही उघडले. चांद्यात मुलानं हौसेनं सगळे गिअर लोखंडाचे बसवले होते. मोऱ्या जसा घेतला तसाच, आत नायलॉन. एकच शेत, एकच काळी माती, एकच मालक, काम सारखं. मला मुद्दाम मागूनही अशी जोडी मिळाली नसती.

पुढे काका येत राहिले. मोऱ्या सारखा आजारी. नळी खोडात अडकली की त्याचा मोठा गिअर दात टाकायचा. शेवटी मी काकांना तो बदलायला शिकवलं. ते तंबाखूच्या डबीत जादा गिअर बाळगायला लागले आणि बांधावर बसल्या बसल्या बदलायला लागले. चांद्या क्वचित यायचा, पण आला की मरणपंथाला लागलेला. एकदा दांडी तुटलेली, एकदा गिअरच्या पेटीचे कान उपटलेले. एकदा तर मोटरच जळून तिचा वास पिशवीला लागलेला. दात मात्र शाबूत, चकचकीत. पेटीत काळी माती शिरली की ते दात आतून दळण दळल्यासारखे वाजायचे, एवढंच.

"आसंच आस्ते बाई," काका म्हणाले. "जो बैल जड झालं की बसून घेते ना, तो जगते. जो वढतच राह्यते, तो एका दिवशी मरते. मोऱ्या कुरकुऱ्या हाये, पण हुशार हाये."

हे वाक्य ऐकून मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला. इतकी वर्षं शिकलेल्या, पैसेवाल्या, मिशीवाल्या माणसांना जे समजावता समजावता घसा कोरडा पडला, ते हा माणूस आपण होऊन बोलत होता. मग चांद्यालाही बसायची अक्कल यावी म्हणून मी त्याच्यात स्लिपर बसवला. स्लिपर म्हणजे दोन चकत्या आणि मधे खरखरीत गादी. ताण बेताचा असला की चकत्या एकमेकींना धरून फिरतात, जास्त झाला की घसरतात आणि मोटर वाचते. काकांना कळावं म्हणून मी बोट ठेवून म्हटलं, "काका, सगळा ताण इथं येतो. हा याचा खांदा समजा." काकांनी मान डोलावली. ते किती लक्ष देऊन ऐकतात याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

एका वर्षी पोळ्याच्या आधी काका आले ते दोन्ही ट्रक धडधाकट घेऊन. बसले. पाणी प्याले. नेहमी यांच्याशी बोलायला सुरुवात करायचे, त्या दिवशी सरळ मागे माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, औंदा मान जाते."

त्यांच्या गावात पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाकडेच्या गुरांच्या मैदानावर, सगळ्यांचे बैल रांगेत उभे करतात, वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. मानाची जोडी आधी तोरणाखालून जाते, मग तोरण तोडतात, पोळा फुटतो आणि बाकीच्या जोड्या निघतात. हा मान काकांच्या घराण्याचा, पणजोबांच्या आधीपासून. अट एकच: जोडी स्वतःची पाहिजे आणि वर्षभर स्वतःच्या शेतात राबलेली पाहिजे. बैल विकल्यावर गावानं काकांच्या वयाकडे बघून डोळेझाक केली होती. काका नुसते काठी घेऊन तोरणाखालून जायचे. पण काकांचे चुलतभाऊ शेषराव यांनी यंदा पारावर सगळ्यांसमोर विषय काढला. विहिरीच्या वाटणीपासून या दोघांचं बोलणं बंद होतं.

"म्हने जोडी नाई त मान कायचा? बैल माया घरी हायेत, मान माया." काका सांगत होते. "म्या म्हटलं, जोडी हाये. माई हाये, माया वावरात राबते. तुले दिसत नाई त मी काय करू? लोकं हासले. पन म्हातारे म्हने, बरोबर हाये, राबते त खरी. आनू दे."

सांगताना काका हसत होते. पण त्यांचा हात चांद्याच्या टपावरून फिरत होता, बैलाच्या पाठीवरून फिरतो तसा. पोळ्याला दारात बैल नसलेलं घर खेड्यात कसं दिसतं, ते आमच्या आजोळी मी पाहिलेलं आहे.

मी दोन्ही ट्रक ठेवून घेतले. पेट्या धुतल्या, मोऱ्याला कोरा गिअर घातला, कागद फिरवून अंतर बघितलं, चांद्याचा स्लिपर बेतशीर कसला. दोन्ही एकाच रिमोटवर चालतील अशी जोडणी केली, म्हणजे पाऊल बरोबर पडेल. दुकानाच्या फरशीवर दोघांना चालवून बघितलं तर हे पेपर टाकून उठले आणि म्हणाले, "पोळ्याला आपण जायचं." लग्नानंतर इतक्या ठामपणे हे काही बोलल्याचं मला आठवत नाही.

पोळ्याच्या दुपारी आम्ही पोचलो. आखर गजबजलं होतं. रांगेच्या तोंडाशी, तोरणाच्या दोन पावलं अलीकडे, आमची जोडी उभी. पाठीवर आरशांच्या झुली, पुठ्ठ्याची शिंगं, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, आणि दोघांच्या मधे आडवी रंगीत काठी बांधलेली, तिला दोरीचा कासरा. त्या काठीवरून काकांच्या वडिलांच्या बैलांच्या पितळी घुंगरमाळा सोडलेल्या, खऱ्या, जाडजूड. मी एक माळ हातावर तोलून बघितली.

"काका, या माळा काढा. पेलवणार नाहीत."

"माया बापाच्या हायेत बाई. त्या काढल्या त मंग मान कायचा नेऊन राह्यलो मी?"

मागेच शेषरावांची पांढरीशुभ्र, उंच जोडी. शेषराव कासरा धरून उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, "डाक्टरीन बाई तुमीच काय? सांभाळजा तुमचे पेशंट. माया बैलाच्या पायाखाली येतीन."

डफडं वाजायला लागलं. एकानं मोठ्यानं झडती, म्हणजे पोळ्याचं चिमटे काढणारं गाणं, म्हटली, तिथल्या तिथे जुळवलेली:

"संत्र्याच्या बागंत माकडं लय, देवरावचा बैल वाघच हाय,
चारा ना पानी, बॅटरीवर चाले, शेषरावचे बैल पाहातच राह्यले!"

"हर बोला हर हर महादेव!" सगळं आखर गरजलं. काकांनी रिमोटची कळ दाबली.

मोऱ्या निघाला. चांद्याची मोटर फिरली, सुंईऽऽ असा आवाज झाला, आणि तो जागचा हलला नाही. काठीनं बांधलेले असल्यामुळे मोऱ्या त्याच्याभोवती गोल फिरला आणि जोडीचं तोंड शेषरावांच्या बैलांकडे झालं. आखरावर एकच हशा. मी धावले, झूल वर केली, चांद्याची पेटी उघडली. आत सगळं पिवळंधमक.

"काका, हे काय आहे?"

"खांदमळनी."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, वर्षभर जू वाहून ते सोलवटलेले असतात म्हणून. हे मला माहीत होतं. पण...

"गिअरबॉक्समध्ये?"

"मंग कोठी? तुमीच सांगतलं ना, हा याचा खांदा समजा म्हनून. काल सांजंले दोघायचे खांदे मळले, आज आवतन घ्या उद्या जेवाले या म्हटलं, सारं रीतीनं केलं. चांद्याले जरा जास्त लावलं. तो जास्त सोसते."

मोऱ्याला लोणी लागलं तर काही बिघडत नव्हतं. नायलॉनला थोडं तेलतूप चालतं. पण चांद्याच्या स्लिपरची खरखरीत गादी लोण्यात भिजून गुळगुळीत झाली होती. ज्या घसरण्यानं त्याचा जीव वाचावा म्हणून मी ती बसवली, ते आता थांबतच नव्हतं. मी यांच्या रुमालानं पुसलं, माझ्या पदरानं पुसलं. पिवळं पसरलं फक्त. लोक "चला, चला" करत होते. शेषराव म्हणाले, "सरक दादा बाजूले. झाला तमाशा." बोलणं बंद झाल्यापासून दादा हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा, पण तेव्हा तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

काकांचा चेहरा मला बघवेना. ते हसतच होते, आणि घुंगरमाळा उगाच सारख्या करत होते.

मी जोडीचं तोंड पुन्हा तोरणाकडे केलं. "काका," मी म्हटलं, "मोऱ्यावर सोडा. तो दोघांना ओढेल. कासरा धरून सरळ ठेवा, आणि कळ हळू दाबा, एकदम नाही."

मोऱ्या निघाला. एकट्याच्या अंगावर चांद्या, काठी, झुली आणि काकांच्या वडिलांच्या घुंगरमाळा. इंचाइंचानं सरकत होता. मी त्याच्याबरोबर वाकून चालत होते, कान गिअरपाशी. नायलॉन ओढीला आला की त्याची गुणगुण बदलते, जाड होते. ती जाड झाली, मग किरकिरली. लोखंडाच्या गिअराला आयुष्यभर नावं ठेवलेली मी मनातल्या मनात म्हणत होते, तुटू नकोस बाबा, आजचा दिवस तुटू नकोस. त्या वेळी कोणी माझ्या हातात मेटल गिअर ठेवला असता तर मी सगळी मतं मागे घेऊन त्याच्या पाया पडले असते.

तोरण वीतभर राहिलं आणि कर्रर्र झालं.

डफडं थांबलं. काका डबी काढायला खिशात हात घालत होते. डबीत गिअर होता, पण तो बसवायला जी उसंत लागते ती त्या आखरावर आम्हाला कोण देणार होतं? शेषरावांनी बैलांना पुढे घ्यायला कासरा सैल सोडला. त्यांचा डावा बैल दोन पावलं पुढे आला, खाली मान घातली, हुंगलं, आणि चांद्याच्या उघड्या पेटीतलं हळदलोणी जीभ फिरवून चाटायला लागला. शेषराव "हो, हो" करत कासरा ओढत होते. बैलाला कुठली पर्वा! पेटीच्या कोपऱ्यातलं लोणी जिभेला पोचेना म्हणून त्यानं नाकाड लावून ट्रक ढोसला. एकदा ढोसला, आणखी एकदा ढोसला. आणि काकांची जोडी, घुंगरमाळांसकट, खणखण करत तोरणाखालून पलीकडे गेली.

"फुटला! पोळा फुटला!" कोणी ओरडलं माहीत नाही. तोरण खाली आलं, जोड्या सुटल्या, धुरळा उडाला. मी दोन्ही ट्रक पोटाशी धरून बाजूला झाले म्हणून वाचले, नाहीतर शेषराव म्हणाले तसे ते खरंच पायाखाली आले असते.

मग पारावर वाद. शेषराव म्हणाले, "ढकललं माया बैलानं. मान माया." काका म्हणाले, "ढकलले तुया बैलानं, पन गेली कोनाची जोडी?" एक म्हातारे म्हणाले, देवाच्या मनात होतं. दुसरे म्हणाले, लोण्याच्या मनात होतं. कोणी तरी यांना विचारलं, "साहेब, तुमी बाहेरचे मानूस, तुमी सांगा." हे म्हणाले, "अस्सं, अस्सं." निकाल लागला नाही तो नाहीच.

मला वाटलं, आता काका घरी जातील. पण पोळा फुटल्यावर जोडी घरोघर न्यायची असते. बाया बैलांचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळी भरवतात, बैल घेऊन येणाऱ्याला बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, देतात. बैल होते तेव्हा भाऊबंदांच्या घरी जोडी गडी घेऊन जायचा. काका स्वतः शेषरावांच्या दारात विहिरीच्या वाटणीनंतर गेले नव्हते. आता गडी नव्हता, आणि ही जोडी आपल्या पायांनी जाणारीही नव्हती. काकांनी एक ट्रक या काखेत घेतला, एक त्या काखेत, आणि चालायला लागले. आम्ही मागे. पहिलं घर शेषरावांचं होतं.

शेषराव आधीच येऊन दारात उभे होते. बाजूला झाले नाहीत, या म्हणाले नाहीत. काकांनी ट्रक ओट्याखाली ठेवले, चांगले सरळ, जोडीनं.

"जोडी आनली," काका म्हणाले. "पाय धुता का जाऊ?"

शेषरावांची बायको आतून पदर डोक्यावर घेत तांब्या आणि ताट घेऊन आलीच. आधीपासून दाराआड उभी असावी. "जाता कोठी भाऊजी," ती म्हणाली आणि मोऱ्यापुढे बसली. बसली खरी, पण पाणी कुठे घालायचं ते तिला कळेना. पायच नव्हते. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

इथं मला सांगायला हवं की या ट्रकच्या पोटात, चाकांच्या वर, एक रिसीव्हर असतो. रिमोटचं म्हणणं तोच ऐकतो. बॅटरी चालू असताना त्याला पाणी लागलं की तो जळतो. गडबडीत बॅटऱ्या बंद करायच्या राहिल्या होत्या. मी तोंड उघडलं. यांनी मागून माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "राहू दे."

शेषराव दारातून पुढे आले. कुरकुरत खाली बसले. "आसं नाई वो, आन इकडं," म्हणत बायकोच्या हातून तांब्या घेतला. मोऱ्याच्या चाकात आखराची माती भरली होती, ती त्यांनी अंगठ्यानं खरवडून काढली. एक चाक, मग दुसरं. मग काकांकडे न बघता विचारलं, "नाव काय याचं?"

"मोऱ्या."

"आन् हा?"

"चांद्या."

शेषरावांनी दोघांवर तांब्याभर पाणी ओतलं, वरून, सावकाश, एक थेंबही न राखता. आत चिर्र झालं आणि जळक्याचा वास आला. माझ्या डोळ्यांदेखत दोन रिसीव्हर गेले, आणि मी ओरडले नाही.